दादांची पेटी

३ मार्च, रविवार
माहेरी आले, तर भावजयीच्या, शीतलच्या पुढ्यात दादांची पेटी! लग्न होऊन दोन वर्षं झाली, अजून धड सरगम येत नाही, आणि माझ्या वडिलांच्या पेटीवर बोटं आपटत बसते. आई शेजारी कौतुकानं बघत! दादा गेले तेव्हा पेटी आईनं सुनेला दिली, मला त्यांचा चष्मा. धम्मपाल बायकोची बाजू घेऊन म्हणतो, "ताई, तू कुठं वाजवतीस?"
नाही वाजवत. पण लेक आहे ना मी! जळतेय, हो. लिहायला काय जातंय.

४ मार्च
घेऊन आले! म्हटलं, जुनी आहे, जालन्यात दाखवते, किंमत तरी कळू दे. शीतलनं जराही आढेवेढे घेतले नाहीत. उलट दुपट्यात गुंडाळून दिली — "सांभाळून न्या, ताई." माझ्या बापाची पेटी, आणि मला शिकवते! आई फाटकापर्यंत आली. दुपट्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

५ मार्च
परत देणार नाही. ठरलं.

९ मार्च
रामकिसन मिस्त्रींकडे गेले. स्टेशनजवळ त्यांचं पेट्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी वरची फळी काढली, आतल्या पितळी सुरांवरचा, म्हणजे रीडवरचा, शिक्का पाहिला. "जर्मन सूर हायेत. ऐंशी वर्षाची तरी आसंल. साठ हजाराला कुणीबी उचलील." मी मनात म्हटलं, बस आता, शीतलबाई!
मग त्यांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "दोघांचे हात हायेत हिच्यावर. खाली पांढरी एकपाशी पट्ट्या झिजल्यात, त्या खालच्या सुरात गडीमाणूस गायलाय."
ते दादा.
"अन् हे बघा, काळी चारपाशी. ही बाईची पट्टी, उंच सुराची. खड्डे पडलेत. बाईनंच जास्ती वाजवली."
शीतल? मी विचारलं, दोन वर्षांत पडतात खड्डे?
"न्हाई, न्हाई. ईस-पंचवीस वर्षाचं काम हाय हे."

१० मार्च
रात्रभर कुढले. कोण ही बाई? सकाळी आईला फोन करून तावातावानं विचारलं.
"मीच की." इतकं सहज! "तुमी शाळंत गेले की बसायची. तुझ्या दादाच्या गाण्याच्या चाली मीच बसवून द्यायची. पेटी माझ्या बापाची. लग्नात दिल्ती."
मला का नाही सांगितलं?
"तू दादाची लाडकी. तुला त्यांचंच कवतिक. शीतलनं पेटी पुसताना खड्डे बघितले, मंग इचारलं. तवापासून शिकवून राह्यले तिला."
चाळीस वर्षांची झाले मी. आईचं गाणं सुनेनं ऐकलं, लेकीनं नाही. आज खरी जळाले.

११ मार्च
आईला म्हटलं, फोनवर एक गाणं म्हण ना.
"पेटीबिगर न्हाई जमत गं मला. आठ दिस झाले, घर कसं मुकं झालंय. कधी आणतीस?"
शीतलची म्हणून उचलली होती मी.