डाव्या हाताची कात्री

आबा, तुमच्या सुनेची किसणी आता धूलकोटपर्यंत पोचली आहे. केळीचे वेफर्स करणाऱ्या बायका मुद्दाम बसने येतात, शनवाऱ्याच्या वेशीजवळचं आपलं दुकान विचारत विचारत शोधतात आणि 'ती बाई करते ती किसणी' मागतात. जुन्या कूलरचा पत्रा, रंगाचे रिकामे डबे, कुणाच्या मोडक्या कपाटाचं दार, जे भंगारात सापडेल त्यातून ती किसण्या, चाळण्या, नरसाळी, सुपल्या काढते. मागल्या महिन्यात इथे जैनाबादला मी शेजारणीकडे बसले होते. तिने कौतुकाने नवी किसणी पुढे केली आणि म्हणाली, "काय हात आहे हो तुमच्या वहिनीचा! एकदम आबांसारखा." मी हसून हो म्हटलं, चहा मात्र अर्धा टाकून उठले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, मला स्वतःला सून आली, तरी वहिनीचं नाव कुणी तुमच्या नावाला जोडलं की माझ्या पोटात दुखतं. दुखतं म्हणजे दुखतंच, तुमच्यापाशी कशाला लपवू?

त्या दुकानात तुमच्या शेजारी गोणपाटावर आधी कोण बसायचं, हे कुणाला आठवत नाही. मला आठवतं. मावाजिलेबीच्या दुकानातून तेलातुपाचे रिकामे डबे यायचे, त्यांना उन्हात खवट गोड वास सुटायचा. तुम्ही डब्याची शिवण कापून तो कागदासारखा उलगडायचात, लाकडी हातोडीने सपाट करायचात आणि मग छापलेलं सूर्यफूल आतल्या बाजूला जाईल असा वळवायचात. म्हणून आपल्या डब्यात पीठ संपलं की तळाशी फूल दिसायचं. गल्लीत दिवसभर पॉवरलूमची खडखड, त्यात तुमची ठकठक, पण मला दोन्ही वेगवेगळ्या ऐकू यायच्या. तुम्ही डावखुरे, मीही डावखुरी. डाव्या हाताने घास उचलला की आई हातावर पळी मारायची, आणि तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणायचात, "राहू दे वो. घरात आम्ही दोघंच उल्टे आहोत." बाजारातली पत्रा कापायची कात्री तुम्हाला चालत नसे, म्हणून तुम्ही लोहाराकडून उलट्या पात्यांची करून घेतली होती. दुकानात येणारा प्रत्येक जण ती एकदा हातात घेऊन बघायचा, वैतागायचा आणि परत ठेवायचा. मला ती कधी कुणी हातात दिली नाही, पण ती माझ्याच हाताची आहे हे मला ठाऊक होतं.

एकदा तुम्ही पाणी प्यायला नळावर गेलात. शेगडीत तांब्याच्या टोकाचं झाळायचं हत्यार तापत पडलं होतं आणि समोर एक नरसाळं अर्धं राहिलं होतं. मी हत्यार नवसागरावर घासलं, पांढरा धूर उठला, कथील पाण्यासारखं पळालं आणि सांध्यात जाऊन बसलं. बसलं, आबा! वाकडं बसलं असेल, पण बसलं. तेवढ्यात तुम्ही आलात. तुमचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "ऊठ. घरी जा. हाताले चटके दिसले तर उद्या पाहायला येतील त्यांले काय सांगू? बाप पोरीकडून पत्रा ठोकवतो म्हणून?" ते नरसाळं तुम्ही माझ्यादेखत उकललंत. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जेवणाचा डबा घेऊन जायचं काम आईने दादाला दिलं. त्याला पत्र्याचा आवाजही सहन व्हायचा नाही, तो डबा ठेवून पळून यायचा. पुढे तो केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायला लागला, आणि तेच त्याचं कायमचं काम झालं.

मला पाहायला आले तेव्हा मुलाच्या आत्याने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "हात मऊ आहेत पोरीचे," ती म्हणाली, आणि तुम्ही आईकडे असं काही पाहिलंत की जणू डाव तुम्हीच जिंकलात. मी नदी ओलांडून जैनाबादला आले, आणि काही महिन्यांतच फोपनारहून दादाची बायको म्हणून वहिनी आपल्या घरात आली.

मग ती अक्षय्य तृतीयेची अखाजी. माहेरी आले, झोका बांधलेला, आमरसाचा बेत, सगळं होतं. तुम्ही मात्र जेवायला आला नव्हतात, म्हणून बोलवायला मीच दुकानात गेले. तर वहिनी बसलेली. तुमच्या शेजारी नाही, समोर. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, आणि हातात साधी, बाजारातली कात्री. तुम्ही डाव्याने कापायचात आणि ती उजव्याने, आरशात बघून भांग पाडावा तसं. तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा लाल पट्टा होता. मला पाहून तुम्ही खुशीत म्हणालात, "पाहा, हिचा हात कसा बसला ते! डबा द्यायला आली होती, इथंच चिकटली." त्या दिवशी आमरसाची भरली वाटी मी तशीच ठेवून उठले. आई म्हणाली उन्हाचं झालं असेल. मी झोक्यावर बसून हिशेब लावत होते, आणि तो लागायला कठीण नव्हता. सुनेचं लग्न झालेलं. तिला आता कोण पाहायला येणार? तिचे हात भाजले तर भाजले. आबा, बाईमाणसाला कुणाच्या चटक्यांचा हेवा वाटू शकतो हे मला तेव्हा कळलं. मला तिच्या मनगटावरचा तो पट्टा हवा होता.

नंतर तुम्ही गेलात, आई गेली, आणि वहिनी तुमच्या जागेवर बसायला लागली. तुमची कात्री मात्र तिने भिंतीवर खिळ्याला अडकवली. दसऱ्याला ती हत्यारांबरोबर तिलाही तेल लावते, झेंडूचं फूल वाहते. लोकांना त्याचं कोण कौतुक! मला वाटायचं, हिला ती चालतही नाही आणि सोडवतही नाही. शेजारणीच्या त्या किसणीनंतर मला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडला आणि दुकानात जाऊन उभी राहिले.

"वहिनी, आबांची कात्री मला दे."

तिने हातोडी खाली ठेवली. "कायले ताई? तुमच्या घरी कोन पत्रा कापतं?"

"कुणी का कापेना. तुझ्या कामाची नाही ती."

"कामाची नाही, हे तर खरं आहे. पण दुकानाची आहे ना." तिने पदराने कपाळ पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग उठून ती खिळ्यावरून काढली. कूलरच्या पत्र्याचा एक तुकडा माझ्यासमोर टाकला. "चालवून दाखवा. चालली तर तुमची."

मी कधीच पत्रा कापला नव्हता. ती कात्री डाव्या हातात घेतली, बोटं आपसूक जिथं जायची तिथं गेली, आणि पात्यांनी पत्रा धरला. रेघ नागमोडी गेली, पण कात्री अडली नाही. शेजारचा वेल्डिंगवाला काम सोडून बघत उभा राहिला. मी इकडून तिकडपर्यंत कापत नेलं आणि घामाघूम होऊन थांबले. मला वाटलं वहिनी हसेल. ती हसली नाही.

"मले आबा रोज म्हणायचे, उल्टं पाहायचं आन् सुल्टं करायचं," ती म्हणाली. "माझ्या नाकी नऊ आले ताई. तुम्हाले तर सारं सुल्टंच होतं."

"मग मला का नाही बसवलं त्यांनी?" हे मी तिला विचारलं, आबा. तुम्हाला विचारायला हवं होतं ते.

तिने दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. नखं तुटलेली, बोटांवर जुन्या कापांच्या पांढऱ्या रेघा, मनगटापासून कोपरापर्यंत चटके. "मीबी विचारलं होतं एक बार. तर म्हणे, या घरात एका तरी बाईचे हात चांगले राहू दे." मग हात मागे घेत म्हणाली, "मी काय बोलनार? माझे हात काय घरातल्या बाईचे नव्हते?"

याचं उत्तर तुम्ही असतात तरी तुमच्याजवळ नसतं, असं मला वाटतं. वहिनी म्हणाली, अखाजीला मी माहेरी यायचे तेव्हा ती पोळ्या लाटताना माझ्या हातांकडे बघायची, आणि मी बांगड्या सारख्या केल्या की तिला वाटायचं मुद्दामच दाखवते आहे. मुद्दामच दाखवायचे मी. दुसरं होतं काय माझ्याजवळ? तिने पोराला पाठवून चहा मागवला आणि कात्री फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

आता इथे लिहायला हवं की माझा हेवा त्या दिवशी संपला. नाही संपला. तिचा हात तुमच्यासारखा आहे हे काही खोटं झालं नाही, आणि ती तुमच्यासमोर बसली ती वर्षं मला मिळणार नाहीत. फक्त एवढं कळलं की तीही माझ्यावर जळत होती, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. अंगणात बसून मी एक तेलाचा डबा कापला आणि त्याची सुपली केली. ती एका बाजूला कलते, तिच्यातून तांदूळ सांडतात, पण सूर्यफूल आतल्या बाजूला आलं आहे. कापताना पत्र्याची कड उजव्या अंगठ्यात खोल शिरली. माझ्या सुनेने विचारलं तर भाजी चिरताना कापलं म्हणून सांगितलं. तिने हळद लावून पट्टी बांधली. पट्टी मी सोडून टाकली आहे. आता खपली धरते, आणि कुणी बघत नसलं की मी ती नखाने काढते. व्रण राहिला पाहिजे, आबा.