लांब पेटी, आखूड पेटी

हिंगोली,
मंगळवार, सकाळ

प्रिय सोमेश्वर,

तुझे दोन फोटो मिळाले. एक आखूड पेटी, एक लांब पेटी आणि खाली तुझा प्रश्न: "दोन्हीत दोन-दोन क्यू बसतात म्हणतो दुकानदार. कोणती घेऊ? तू वाचलं असशील." सेनगाव-हिंगोली जीप चालवणाऱ्या माणसाला पूल खेळायच्या क्यूसाठी, म्हणजे त्या काठीसाठी, नांदेडहून पेटी घ्यायची आहे आणि सल्ला मागतोय कुणाला, तर ज्याच्याशी तो दिवाळीपासून धड बोललेला नाही त्याला. मी फोनवर उत्तर लिहिलंही होतं, "ज्याच्याबरोबर खेळतोस त्याला विचार." पाठवायच्या आधी पुसलं. फोन करावा तर माझा सभेतला सूर लागतो आणि तू "आवाज कटून राहिला" म्हणत बंद करतोस. कागदाचा आवाज कटत नाही. म्हणून पत्र.

तर माझं ठाम मत ऐक. यातली कुठलीच घेऊ नकोस. एकाच क्यूची पेटी घे, तुझ्या क्यूच्या मापाची. पेटी म्हणजे काही घर नव्हे, की कधी पाहुणा येईल म्हणून एक खोली जास्तीची बांधावी. तुझा क्यू मधोमध उघडतो, त्याचे दोन सारखे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा अडीच फुटांच्या आतबाहेर. त्यावर बोटभर जागा मोकळी, बस. आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरली. त्या लदेणीचा नियम याडी, म्हणजे आमची आई, आजही सांगते: गोणी ठासून भरावी, नाहीतर रिकामी न्यावी, अर्धवट भरलेली गोणी चालताना हलते आणि बैलाची पाठ सोलते. क्यूचंही तेच आहे. जास्तीच्या जागेत लाकूड खडखडतं, जोडाचे आटे झिजतात, टोकाचं चामडं ठेचलं जातं. एकाची पेटी खांद्याला अडकवली की माणूस मोकळा. दुसऱ्या क्यूची जागा तुला हवीच कशाला? ज्याचा क्यू आहे त्यानं तो वाहावा. स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देणारा समाज कधी उभा राहत नाही, हे मी कळमनुरीच्या सभेत सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेत बसून तूच टाळ्या वाजवल्या होत्यास.

आता तू म्हणशील, रणजीत, आपली पहिली पेटी तर दोघांची होती. होती. ते वेगळं होतं. तुझ्या बाबांनी तुषार सिंचनाचे पाईप बदलले तेव्हाचा एक जुना तुकडा आपण करवतीनं कापला, दोन्ही तोंडांना झाकणं बसवली आणि त्यात तुझा क्यू आणि माझा क्यू एकत्र कोंबले. माझा क्यू तुझ्यासारखा नाही, हे तेव्हाच नडलं होतं. परभणीचा एक जुना क्लब बंद पडला तेव्हा मी तो उचलला. तो स्नूकरवाल्यांचा, मुठीजवळ उघडणारा, एक तुकडा चांगला साडेतीन फूट आणि दुसरा वीतभर-दीड वीत. माझ्या लांब तुकड्यासाठी पाईप लांब कापावा लागला आणि तुझे अडीच फुटी तुकडे आत पोहत राहिले. पुसेगावच्या चढावर जीप हेलकावली की खडखड व्हायची आणि तू माझ्याकडे असा बघायचास, जणू लांबी माझा गुन्हा आहे. मग आपण गोधडीच्या चिंध्या कोंबून तुझ्या बाजूची पोकळी भरली.

आणि याडीनं शिवलेला तो गिलाफ! रूपाबाई राठोड जन्मात टेपनं माप घेत नाही. सुतळी लावते आणि गाठ मारते. आपण क्लबातून येऊन क्यू जोडलेलाच भिंतीला टेकवून ठेवला होता. तो उघडतो हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिनं बुडापासून टोकापर्यंत सुतळी लावली, गाठ मारली आणि महिनाभर बसून आरसे, कवड्या, लाल-पिवळी टीप घालत गिलाफ शिवला. साडेतीन फुटी पाईपाला जवळजवळ पाच फुटांचा! कापायला निघालो तर म्हणाली, "भरलेलं कापड कापत न्हाईत, लेकरा. काठी लांब करा." शेवटी वरचा भाग टोपडं घातल्यासारखा दुमडला. तो कवड्यांचा शेपटा लोंबत राहायचा, वाजायचा. सेनगावच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं ना, "नवरदेवाची तलवार हाय का? नवरदेव कुठाय?" आणि तू माझ्याकडे बोट केलंस, "ह्यो काय बसलाय. बोलणं थांबलं तर लगीन लागंल." सगळी जीप हसली. मी त्या दिवशी रागावलो होतो. आज तो म्हातारा भेटला तर त्याला चहा पाजीन.

आता ताजी खबर देतो, तुझीच तुला. परवाच्या रविवारी मी गोपीचंदच्या क्लबात आलो होतो. तुला माहीत नाही, कारण मी दारातून परत फिरलो. शिरड शहापूरला संध्याकाळी माझं भाषण होतं, तासभर हाताशी होता, म्हटलं डोकावू. गोपीचंद दारातच भेटला. "या की सर, तुमचेच दोस्त आत खेळून राहिले. हिरासिंग लै गुपचूप खेळतो बगा, आता पंख्याचा आवाज बी ऐकू येतो." हा टोमणा कुणाला होता ते मला कळतं. मी खेळताना बोलतो. बोलणारच. जगात जे चाललंय त्यावर गप्प राहून ज्याला बॉल पॉकेटमध्ये घालता येतो, त्या माणसाचा मला संशय येतो.

दारातून मी जे पाहिलं ते असं. भिंतीवर ज्या खुंटीला माझा क्यू असायचा, तिथं हिरासिंगचं जर्किन. हिरासिंग वाकून नेम धरत होता आणि त्याच्याकडे न बघता तू चॉकचा तुकडा मागं धरलास. त्यानंही न बघता घेतला. बस, एवढंच. पण सोम्या, तो न बघता मागं केलेला हात माझा होता! तू माझ्याशिवाय जेवलास, फिरलास, सिनेमाला गेलास तरी मला काही वाटलं नसतं. जोडीच्या खेळात एक फटका एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. मी मारून पांढरा बॉल जिथं थांबवीन, तिथून तुला मारावं लागतं. म्हणजे मारण्याआधी तुझ्या डोक्यात काय आहे ते मला कळलं पाहिजे. ते कळायला मला वर्षं लागली आणि हा पोरगा, माझ्याच तांड्यातला, माझ्या भाषणांना टाळ्या वाजवत मोठा झालेला, मला अजून 'भाऊ' म्हणणारा, एका हिवाळ्यात येऊन त्या जागी उभा राहतो? खेळतो तो चांगला. हे लिहिताना पेन जड झालं आहे, पण खोटं मी सभेतही बोलत नाही. बॉलची नुसती कड घेऊन कोपऱ्यात घालायचा तो कट शॉट त्यानं मारला तसा मला आयुष्यात जमला नाही. म्हणून तर अंगाची लाही झाली.

मग मी शिरड शहापूरला गेलो आणि एकीवर बोललो. कापूस, सोयाबीन, तूर, तांडा आणि गाव, सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सटवाजी पाटलांनी शाल घातली. खांद्यावर शाल घेऊन मी येताना सगळा रस्ता हिरासिंगला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

घरी याडीनं विचारलं, "सोमेश्वर काहून येत न्हाई रं आता? भांडला का तुमी?" म्हटलं, तो हिरासिंगबरोबर खेळतो. ती म्हणाली, "खेळंना का. तू काहून फुगून राहिला, बायको माहेरी गेल्यावानी?" तिला काय सांगणार? रविवार माझे सभांना जातात, हे मान्य. सभा मी सोडणार नाही. जिथं अन्याय दिसेल तिथं बोलणार. पण माणूस बोलायला गेला म्हणजे त्याची खुंटी रिकामी झाली, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते मला दाखव. मी बरंच वाचलंय, मला सापडलं नाही. आणि नांदेडच्या जोडीच्या स्पर्धेला नावं शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत, हे मला गोपीचंदकडून कळावं? तुझ्याकडून नाही?

असो. विषय पेटीचा आहे. तुझी ती लांब पेटी तर शुद्ध मूर्खपणा आहे, हे मी मापं घेऊन सिद्ध करतो. म्हणजे तुला कळेल की मी रागानं बोलत नाही, आकडे बोलतात. थांब, याडीची सुतळी घेतो.

मंगळवार, दुपार

घेतली मापं. दाराआडचा माझा क्यू काढला, उघडला, सुतळी लावली, गाठ मारली. मग तुझा फोटो मोठा करून दुकानदारानं खाली लिहिलेली लांबी वाचली. आखूड पेटी अडीच फुटांची, वर थोडी मोकळी. तुझा क्यू तिच्यात नेमका बसतो. हिरासिंगचाही बसतो, त्याचाही मधोमध उघडणारा आहे, मी दारातून पाहिलं. तुम्हा दोघांचा संसार त्या आखूड पेटीत आरामात मावतो. अर्ध्या किमतीत, अर्ध्या वजनात, खडखड न होता. कुठल्याही शहाण्या माणसानं ती घेऊन टाकली असती आणि मला विचारलंही नसतं.

मग लांब पेटीचा फोटो तू काढलासच कशाला?

मी तासभर तो फोटो बघत बसलोय. साडेतीन फुटांची पेटी. तुला नको, हिरासिंगला नको. गोपीचंदच्या क्लबात साडेतीन फुटांचा तुकडा असलेला क्यू एकच होता आणि तो आत्ता माझ्या मांडीवर आहे. दुकानात उभा राहून तू ती पेटी खाली उतरवायला लावलीस, उघडून घेतलीस आणि तिचा फोटो काढून मला पाठवलास. "कोणती घेऊ?" तोंड उघडून विचारायला तुला कधी जमलं नाही. लग्नाला मुलगी पसंत आहे हेसुद्धा तू घरी सांगितलं नाहीस, नुसता जाऊन नवे जोडे घेऊन आलास. मी जिल्हाभर बोलत फिरतो आणि माझ्या दोस्तानं बोललेलं मला दोन दिवस ऐकू आलं नाही.

सकाळची पानं फाडणार होतो. ठेवतोय. मी किती जळतो ते तुला कळू दे आणि अजूनही जळतोय. हिरासिंगचं ते जर्किन खुंटीवरून काढ, मग बघू. पण पत्र आता एवढ्याचसाठी पाठवतोय. सेनगावला निघालेल्या गोपीचंदच्या हाती ते देतो आणि सोबत पुडीत एक सुतळी. तिच्यावर गाठ आहे. या वेळी क्यू उघडूनच माप घेतलंय, याडीसमोर, तीही हसली. दुकानात पेटी उघडून सुतळी आत सोड. गाठीच्या पुढं बोटभर जागा राहिली तर ती घे आणि शुक्रवारी आपल्या दोघांची नावं लिहून टाक. तुझ्या तुकड्यांच्या पोकळीत कोंबायला गोधडीच्या चिंध्या मी घेऊन येतो. नांदेडला सामने रविवारी आहेत. त्या रविवारची वसमतची सभा मी पुढं ढकलायला सांगितली आहे, हेही कागदावर असू दे. आणि माझा अंदाज चुकला असेल, तो फोटो तू सहजच काढला असशील, तर मला काही सांगू नकोस. आखूड पेटी घे आणि त्या सुतळीनं तुरीच्या पेंढ्या बांध.

तुझाच (हे शुक्रवारी नक्की होईल),
रणजीत