लॅपटॉप कोणी पुसला, याच्या खुलाशासह

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

लिहून ठेवणार मी, दलेंदा, मरहूम सी खमैस यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घरकाम व दर वसंतात नारिंगीच्या फुलांचा अर्क काढणे, राहणार नाबुल. माझी साखर वाढलेली आहे आणि गुडघे कामातून गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी सोमवारी लिहून दिलं. गुरुवारी काय झालं ते डॉक्टरांना माहीत नाही. गुरुवारपासून मी सुन्न आहे. जेवते, नमाज पढते, भांडी घासते आणि मधेच हात थांबतो. तरी हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे.

सोमवारी लिहिलेली कलमं मी मुद्दाम तशीच ठेवली आहेत. मी काय करायला निघाले होते ते माझ्या मुलीला कळावं. कलम चार वाचून कोणी उठून जाऊ नये, पुढे वाचावं.

कलम १ (सोमवार). राहते घर, अंगणातल्या नारिंगीच्या झाडासकट, माझी एकुलती मुलगी सल्वा हिला मिळावे. झाड तोडायचं नाही. जावयाला गाडी लावायला जागा हवी असते, ती त्याने रस्त्यावर शोधावी.

कलम २ (सोमवार). अर्क काढण्याचे तांब्याचे भांडे शेजारच्या राशिदाला द्यावे. सल्वाचं त्या वासाने डोकं दुखतं. भांड्याला झाकण नाही. झाकण माझी नणंद फत्तूमा हिने अठ्ठ्याण्णव साली तीन दिवसांसाठी म्हणून नेलं. ती म्हणते परत केलं. मी तेव्हापासून परात उलटी घालून कणकेने सांधे लिंपते आहे. या बाबतीत मी तिला माफ करत नाही आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ३ (सोमवार). माझ्या चार सोन्याच्या बांगड्या मोडून माझ्या पतींचे पुस्तक छापावे. आमचे हे शाळेतून निवृत्त झाले ते दोन हजार सात साल. त्याच महिन्यात लॅपटॉप घेतला आणि नाबुलच्या कुंभार घराण्यांचा इतिहास लिहायला बसले. रोज सकाळी आठ ते बारा, दार लावून. चौदा वर्षं मी त्या वेळात रेडिओ लावला नाही. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वाटाणे सुद्धा उघड्या पातेल्यात शिजवले. कोणी दारात आलं की मी ओठावर बोट ठेवायची. गावाने यांना पुस्तक निघायच्या आधीच शाल घातली, वाचनालयाने एक फळी रिकामी ठेवली. कुंभार लोक आजोबा-पणजोबांचे फोटो आणून देत आणि विचारत, "उस्ताद, आम्ही कितव्या पानावर आलो?" हे म्हणत, "येताय, येताय."

यांच्या मागे लॅपटॉप उघडला तर आत काही नव्हतं. निळा पडदा आणि कोरी करकरीत विंडोज. सल्वाच्या ऑफिसातल्या कोणी सांगितलं की पुसलेलंही कधी कधी परत काढता येतं. म्हणून मी तो ट्यूनिसच्या एका माणसाकडे पाठवला आहे. जेवढी पानं निघतील तेवढी छापावीत.

कलम ४ (सोमवार). फत्तूमाचा मुलगा लोत्फी यास माझ्याकडून काहीही मिळू नये. माझ्या जनाज्याला खांदाही त्याने देऊ नये. यांनी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी लॅपटॉप त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिला होता, हळू चालतो म्हणून. त्याने सगळं पुसून नवीन टाकलं. आमच्याकडे लोक महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवतात आणि दुरुस्तीवाला फक्त सी ड्राइव्ह पुसतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोत्फी खाली मान घालून म्हणाला, "मामी, डी पण गेलं. चूक झाली." तीन वर्षं झाली, त्या दिवसापासून मी त्याच्या घरचं पाणी प्यायलेली नाही.

यापुढचे गुरुवारनंतरचे.

कलम ५. गुरुवारी ट्यूनिसचा माणूस लॅपटॉप घेऊन स्वतः आला. फोनवर सांगायला नको वाटलं, म्हणाला. त्याने एक यादी पुढे ठेवली. सल्वाच्या मुलांचे फोटो. फुटबॉलचे निकाल. पत्त्यांचा खेळ, रोज सकाळी आठ ते बारा खेळलेला, तारखांसकट. आणि लिहिलेलं असं एकच पान.

"बाकीचं मिळालं नाही का?" मी विचारलं.

"खाला, बाकीचं नव्हतंच," तो म्हणाला. "ही डिस्क कधी भरलीच नव्हती."

मी त्याला म्हटलं, तुम्हाला नीट काढता आलं नाही. मी त्याला बसायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले. कशासाठी गेले ते मला आठवेना. तिथल्या स्टुलावर बसून राहिले. परत आले तेव्हा तो पैसे न घेताच गेला होता.

कलम ६. त्याच दुपारी मी लोत्फीला बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तो या घरात आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण दप्तर विसरलेल्या मुलाचं तोंड. मी चहा ठेवला. यादी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"त्या लॅपटॉपमध्ये काय होतं?"

"मामी, चहा गार होतोय."

"चहा घाल चुलीत. काय होतं?"

"पत्ते होते," तो म्हणाला.

मग बोलला. हे त्या दिवशी दुकानात आले आणि दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, "सगळं पूस, नवीन कर, आणि मामीला सांग की तुझ्या हातून चूक झाली." लोत्फी म्हणाला, मामा, माझा धंदा आहे, असं कळलं तर मशीन कोण देईल माझ्याकडे? तर हे म्हणाले, "तुझा धंदा सावरेल रे. मी हॉस्पिटलातून परत येणार नाही. तिला काय सांगू? चौदा वर्षं ती चवड्यांवर चालली घरात."

"मग लिहिलं का नाही?" मी ओरडले. लोत्फीवर ओरडले, दुसरं कोण होतं समोर.

"मी पण विचारलं. म्हणाले, लोकांकडून ऐकायला मजा यायची, लिहायला बसलो की हात चालत नाही. पहिल्या वर्षी लाज वाटली, मग सांगायची वेळ निघून गेली."

"आणि तुझा धंदा?"

त्याला सांगायची गरजच नव्हती, कारण तो धंदा मीच बुडवला होता. बायकांच्या हमामात, लग्नात, मेंदीत, मौतीला, जिथे चार बायका दिसल्या तिथे मी सांगितलं की ज्याने सख्ख्या मामाचं पुस्तक पुसलं त्याला तुमची मशीनं देऊ नका. लोकांनी ऐकलं. दुकान वर्षभरात गेलं. आता तो हम्मामेत गावात दुसऱ्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकतो. फत्तूमाने माझ्याशी भांडण केलं, तेव्हा मी तिला म्हटलं, आधी झाकण परत कर.

हाच लोत्फी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचा, डी मध्ये काय आहे, उतरवून घेतलंत का, आणि वहीत सही घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. असा माणूस न विचारता पुसेल हे मला पटलं तरी कसं? पटलं, कारण मला कोणावर तरी चिडायचं होतं.

"अरे, तू बोलला का नाहीस मला?"

"मामांना शब्द दिला होता, मामी. आणि तुम्ही त्या पुस्तकाबद्दल बोलायला लागलात की तुमचा चेहरा..." त्याने चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

आमच्या यांना मला एवढंच विचारायचं आहे. मला सांगितलं असतं तर मी काय घर सोडून गेले असते? मी रेडिओ लावला असता. आपण दोघं पत्ते खेळलो असतो. मला तुमच्यापेक्षा बरे येतात.

कलम ७. सबब कलम तीन व चार मी रद्द करत आहे. कायद्याने मला माझ्या मिळकतीचा एक तृतीयांश हिस्सा वारस नसलेल्याला देता येतो. तो सगळा लोत्फीला द्यावा, चार बांगड्यांसह. त्यातून त्याने नाबुलमध्येच, जुन्याच गल्लीत दुकान घ्यावं. जनाज्याला पुढचा उजवा खांदा त्याचा. झाकण फत्तूमाने ठेवून घ्यावं, तिला काही वाचून दाखवू नये. मी तिचं त्याहून मोठं नेलं.

कुंभारांचे फोटो पत्र्याच्या पेटीत आहेत. प्रत्येकामागे यांनी नाव लिहिलं आहे. ते ज्याचे त्याला पोचवावेत. नावं तरी लिहिली, असं मी स्वतःला सांगते.

ते जे एक पान निघालं ते सल्वाला. त्यावर पुस्तकाचं नाव आहे आणि खाली एक ओळ: माझ्या दलेंदाला, जिने घर शांत ठेवलं. सल्वा, तुझ्या बापाचं पुस्तक एवढंच आहे. रागावायचं असेल तर खुशाल रागाव, मी रोज रागावते. पण गावात बोलायचं नाही. त्या रिकाम्या फळीसमोर त्यांचं हसं झालेलं मला मेल्यावरही चालणार नाही.

आणि लोत्फीच्या नावावरचा डाग एक दिवसही जास्त राहिलेला मला चालणार नाही. दोन्ही एकदम सांभाळायचं तर लॅपटॉप तिसऱ्याच कोणी पुसलेला असला पाहिजे. तो मी पुसला. लोत्फीने नीट करून दिला होता, डी जसंच्या तसं होतं. मी घरी आणून नको ती बटणं दाबली आणि भीतीने आळ त्याच्यावर ढकलला. हे मी रविवारी हमामात सांगणार आहे आणि माझ्या मरणानंतर चाळिसाव्या दिवशी सर्वांदेखत पुन्हा सांगितलं जावं. लोक चटकन विश्वास ठेवतील. म्हातारीला यंत्रातलं काय कळतं, असं म्हणायला सगळ्यांना आवडतं. हा कागद फक्त सल्वाने आणि लोत्फीने वाचावा.

कलम ८. लॅपटॉप लोत्फीला. रेडिओ माझ्या उशाशी राहू द्यावा, तो गुरुवारपासून चालू आहे.

हे मृत्युपत्र, सोमवारच्या कलमांसकट, मी आधी त्याच लॅपटॉपवर एका बोटाने टाईप केलं. अक्षर सापडायला वेळ लागे, तेव्हा लोत्फी शेजारून दाखवायचा आणि मजकुराकडे बघायचा नाही. दोन दिवस लागले. मग नोटरीबाईंना हस्ताक्षर लागतं म्हणून हाताने उतरवलं. शेवटी लोत्फीने विचारलं, "मामी, कुठे ठेवू?" मी म्हटलं, "डी मध्ये." त्या यंत्रावर सुरू होऊन शेवटापर्यंत गेलेलं हे पहिलंच लिखाण आहे.

सही: दलेंदा

साक्षीदार (सह्या माझ्यासमोर केल्या, मजकूर वाचलेला नाही):

१. राशिदा, शेजारीण.

२. सी अब्देलवहाब, कुंभार. सही करताना त्यांनी विचारलं की उस्तादांचं पुस्तक आता निघेल का, त्यांचे आजोबा त्यात यायचे होते. लोत्फी खोलीत होता, त्याने मान खाली घातली. मी सांगितलं, "सी अब्देलवहाब, ते माझ्या हातून पुसलं गेलं. या पोराचा काही दोष नाही." सी अब्देलवहाब यांनी सही पूर्ण केली. मग लोत्फीला म्हणाले, माझा फोन चार्ज होत नाही, बघतोस का जरा.

ठिकाण: नाबुल. शनिवार, ११ मे २०२४.