फिटरची खुर्ची

४ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायचा धीर होत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. औषधांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. काउंटरमागे स्टुलावर बसून लिहिते आणि कुणी आलं की कागद खोकल्याच्या बाटल्यांखाली सरकवते.

काल रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर आमच्या घरी आले. तुझे भावजी तिथे इतकी वर्षं फिटर आहेत, पण हा माणूस कधी आमच्या गल्लीत फिरकला नव्हता. हे अंघोळीला गेले होते, मी चहा टाकला. मॅनेजर फार गोड बोलले. ठकीची चित्रांची वही मागून घेतली, एकेक चित्र वाखाणलं, शाळा कुठली, सुटते कधी, हेही विचारून घेतलं. हे बाहेर आल्यावर म्हणाले, की ते नाटकवाले कारखान्यातल्या गेल्या वर्षीच्या आगीवर नाटक बसवताहेत, त्यांची तालीम आपली काही मंडळी पाहून आली. त्यात म्हणे एक इलेक्ट्रिशियन आहे आणि तो अगदी तुमच्यासारखा हसतो. मग स्वतःच हसले आणि चहा छान झाल्याचं सांगून निघून गेले. ह्यांनी आपला कप तोंडाला लावला नाही.

ह्यांचं हसणं तुला ठाऊक आहे. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी नाकातून हसणार, मग घसा खाकरणार, मग आता असं बघा म्हणून सुरुवात. आमचं लग्न ठरताना आईसमोरही हेच केलं होतं आणि तू उशीत तोंड खुपसून लोळत होतीस. तेव्हा मलाही हसू आलं होतं. काल आलं नाही.

तुमच्या नाटकातला तो इलेक्ट्रिशियन म्हणजे हे आहेत का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, की तुझ्या बहिणीलाच विचार. आगीबद्दल ह्यांनी घरात आजवर चकार शब्द काढलेला नाही. मागचं दार उघडंच होतं, आगीत गेलेल्या पॅकिंगच्या त्या चौघीजणी घाबरून गेल्या आणि त्यांना दार सापडलं नाही, असं चौकशीत ठरलं. मी तेच खरं धरून चालले होते. हे तुझ्याशी काय बोलले, आणि माझ्याशी का नाही बोलले? दुसऱ्याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पहिल्याचं दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच आहे, उत्तराला उशीर लावून तिची परीक्षा पाहू नकोस.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हो, ते भावजीच आहेत.

तू एका रविवारी आत्याकडे गेली होतीस आणि मी तुमच्याकडे राहिले होते, तेव्हाची गोष्ट. मी काही काढून घेतलं नाही. तेच म्हणाले, की तुझं ते यंत्र चालू कर. त्यांनी सांगितलं, की मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. रंगाचे डबे चोरीला जात होते म्हणून मॅनेजरनेच ते लावून घेतलं होतं. धूर दिसल्यावर भावजी कटर घेऊन धावले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते कापलं. तोवर उशीर झाला होता. चौकशीची माणसं आली तेव्हा दाराला ना कुलूप होतं ना कडी. आपल्याला विचारतील तेव्हा सांगू, म्हणून ते थांबले. फिटरला कुणी विचारलंच नाही. तुला का सांगितलं नाही, तर म्हणाले, की घरात एक माणूस तरी सुखाने झोपतंय, त्याची झोप कशाला मोडू.

आता आमचा मूर्खपणा ऐक. आमच्या संस्थेत कुणी खोलीत बसून संवाद लिहीत नाही. आम्ही माणसांकडे जातो, त्यांचं बोलणं टेप करतो आणि नट ते कानात ऐकत जसंच्या तसं बोलतो, खोकला आणि अडखळण्यासकट. गाणीसुद्धा त्याच बोलण्यातून होतात. आमच्या दिग्दर्शिकेला आम्ही मास्तरीणबाई म्हणतो. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याचा खोकला गाळायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून आम्ही भावजींचं वय बदललं, घर बदललं, फिटरचा इलेक्ट्रिशियन केला आणि हसणं मात्र जपून ठेवलं. तो उंच नट महिनाभर त्या हसण्यावर मेहनत घेत होता, आणि जमलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होते. माणूस धंद्यापेक्षा हसण्यावरून लवकर ओळखू येतो, हे एवढ्या शहाण्यांत एकालाही सुचलं नाही.

मलाही भीती वाटते, ताई. परवा एक अनोळखी गृहस्थ तिकिटं घ्यायला म्हणून ऑफिसात आले आणि तिकिटं न घेता, कुणाकुणाच्या मुलाखती घेतल्यात, हे विचारत बसले. मी तुमची नातलग आहे हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुमच्या गावच्या प्रयोगाला मी यायचं नाही असं मास्तरीणबाईंनी बजावलं आहे. एक वाट आहे. पडदा उघडेपर्यंत कुणीही आपले शब्द परत घेऊ शकतो. पण ते ज्याचे त्यानेच घ्यायचे, दुसऱ्या कुणी नाही.

माझ्यावर रागाव, पण पत्र टाकून रागाव.

तुझी,
टिटवी


१५ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. आ.

रागवायला उसंत नाही. काल ठकी शाळेतून आली ती रंगपेन्सिलींचा मोठा डबा घेऊन. फाटकाशी मोटारसायकलवाले एक काका उभे होते, त्यांनी तिला नावाने हाक मारली आणि सांगितलं, की बाबांना सांग, मॅनेजरसाहेबांनी दिलंय, तू चित्रं छान काढतेस. मी डबा हिसकावून घेतला आणि नाल्यात टाकून आले. पोर रडून रडून झोपली. मी तिला काय सांगणार होते?

ह्यांना मी यातलं काही बोललेले नाही. हे रोज त्याच कारखान्यात जातात, त्याच यंत्रांत खांद्यापर्यंत हात घालतात. आत माणूस असताना बाहेरून कुणी बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? दुकानात फोन वाजला की माझ्या हातून गोळ्यांची पाकिटं पडतात. मालकांना वाटतं, मला साखरेचा त्रास सुरू झालाय. त्यांनी फुकटात तपासूनही दिली.

तर आता नीट ऐक. ह्यांचं बोलणं काढून टाक. ज्याचे त्यानेच घ्यायचे, हे मी वाचलं. ह्यांना विचारलं तर हे नाही म्हणतील, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून विचारायचं नाही. त्यांचा निरोप आला असं तू मास्तरीणबाईंना सांग आणि ह्यांना कधी कळू देऊ नकोस. शिर सलामत तर पगडी पचास. त्या चौघी काही आता परत यायच्या नाहीत. हे वाक्य लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली, पण खोडत नाही.

तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. एवढं कर, मग हवा तेवढा माझा तिरस्कार कर, मी तुझ्यावरचा जीव आवरता घेणार नाही.

ताई


२० नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

केलं. मास्तरीणबाईंनी विचारलं, की निरोप त्यांचा स्वतःचा आहे ना. मी जमिनीकडे बघून हो म्हणाले. आयुष्यात इतकी नाटकं केली, पण इतकं वाईट काम कधी केलं नव्हतं. बाईंनी वहीत फुली मारली. उंच नटाने कानातलं यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

एक सांगायचं राहिलं. कुणी शब्द परत घेतले, तर आमच्याकडे ती जागा बुजवत नाहीत. त्याची खुर्ची रंगमंचावर तशीच राहते. त्याची पाळी आली की तिच्यावर उजेड येतो आणि तो जेवढा वेळ बोलला असता, तेवढा वेळ सगळे गप्प राहतात. मी हेही काढायला सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, की माणूस भ्याला हेसुद्धा खरंच आहे, ते झाकायचं कशाला. मग मी मनाची समजूत घातली, की रिकाम्या खुर्चीला कोण ओळखणार.

मुलाखत दिलेल्या सगळ्यांना तिकिटं गेली आहेत, तशी तुमच्याकडेही दोन येतील. पोस्टमनच्या हातून तूच घे आणि फाडून टाक. भावजींनी ती खुर्ची बघू नये असं मला फार वाटतं. का, ते सांगता येत नाही. मला जेवण जात नाही. ठकीला शाळेत सोडायला आणि आणायला तूच जा, दुकान गेलं खड्ड्यात.

तुझ्यावाचून मला कुणी नाही हे विसरू नकोस, आणि स्वतःला जप.

तुझी,
टिटवी


२९ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. आ.

तिकिटं ह्यांच्याच हातात पडली. मी दुकानातून आले तर हे शर्टाला इस्त्री करत होते. डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, ठकीला कुठे ठेवायचं म्हणून पाहिलं. ठकीला शेजारी सोडायची सोय ह्यांनी आधीच करून ठेवली होती.

सभागृह भरलं होतं. आमच्या पुढे दोन रांगा सोडून मॅनेजर सहकुटुंब बसले होते. डब्यांवर झाकणं ठोकत ठोकत त्या चौघींचं गाणं झालं, फार गोड होतं, पण माझे कान खुर्चीकडे होते. मग तिच्यावर उजेड आला. एका साक्षीदाराने आपले शब्द परत घेतले आहेत, त्याचा वेळ आम्ही राखतो आहोत, असं आतून कुणी तरी म्हणालं. पुढे शांतता. मनात म्हटलं, सुटलो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांना काही कळलं नाही, मग कळलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

आणि हे नाकातून हसले, टिटवे.

हे उठायच्या आधी मी ह्यांची बाही धरली. इतकी घट्ट धरली, की बटण माझ्या हातात आलं. हे उठले ते उठलेच. घसा खाकरला आणि म्हणाले, की आता असं बघा, मी काही परत घेतलेलं नाही. पुढे कुलूप, कटर, सगळं सांगितलं, मी फिटर आहे हेही सांगितलं. आवाज मोठा नव्हता. दिवेवाल्याने खुर्चीवरचा उजेड उचलून ह्यांच्या अंगावर टाकला. त्या क्षणी तो माणूस माझ्या हाती लागता, तर मी त्याला सोडलं नसतं. सगळं सभागृह वळून बघत होतं. मॅनेजर तेवढे वळले नाहीत. एकदाही नाही. त्यांची मान मला अजून दिसते.

नाटक संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात एक म्हातारी बाई ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला ओळखते, रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच नेते. चौघींतल्या सर्वांत धाकटीची ती आई. तिने एवढंच विचारलं, की म्हणजे दार उघडं नव्हतं का. हे नाही म्हणाले. तिने विचारलं, की मग माझी पोर कुठे होती. ह्यांनी ते तुझ्या टेपवरही सांगितलेलं नाही. हे म्हणाले, की चौघीही दारालाच टेकून होत्या, दार त्यांना सापडलं होतं. ती बाई तिथेच फरशीवर बसली. म्हणाली, की वर्षभर मी तिला रोज बोल लावते, एवढं मोठं उघडं दार समोर असून तुला दिसलं नाही, इतकी कशी गं तू वेंधळी. रोज दिवे लागले की हेच बोलते तिच्याशी.

मी तिला धरून उठवलं. माझ्या मुठीत अजून ते बटण होतं.

घरी आल्यावर ह्यांना मी खरं सांगून टाकलं. तुझा दोष नाही, मीच शपथ घातली, असं सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की मला जपायचं होतं तर मला विचारायला हवं होतं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. सोमवारी हे चौकशीच्या कार्यालयात लेखी जबाब द्यायला जाणार आहेत आणि मी बरोबर जाणार आहे. ठकीला उद्याच्या गाडीने आत्यासोबत तुझ्याकडे पाठवते. तिला यातलं काही सांगू नकोस, सुट्टी आहे म्हणून सांग.

माझी भीती गेली असं वाचायला मिळेल, अशी आशा धरू नकोस. ती वाढली आहे. आज सकाळपासून तो मोटारसायकलवाला दुकानासमोर उभा आहे, नुसता उभा आहे आणि माझ्याकडे बघतो. माझं अक्षर आज असं का आलंय, ते तुला कळेल.

मघाशी ती म्हातारी आली. मला वाटलं, गोळ्या संपल्या असतील. तिने माझ्याकडे स्टूल मागितलं, दुकानाच्या दारात ठेवलं आणि त्या माणसाकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, की आजी, उन्हाचं कशाला बसता. म्हणाली, की घरी आता कुणावर रागवायचं राहिलेलं नाही, तू दुकान बंद करेपर्यंत बसते. दोन तास झाले, बसली आहे.

ठकीला जवळ घेऊन झोप. आणि आम्हा दोघांवर तुझा जो काही लोभ आहे तो कमी करू नकोस, आता त्याची फार गरज पडणार आहे.

तुझी,
ताई