ठोंब्या

प्रिय सूनबाई,

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण फोनवर मी जरा कुठे मुद्द्यावर आले की तू जेवण झालं का, गोळी घेतली का, असं करून मला गुंडाळतेस आणि फोन ठेवून देतेस. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही. परवा तू म्हणालीस, महिनाअखेर ट्रेनिंग संपलं की थेट घरी येते, आणि मग सगळं पहिल्यासारखं. त्या ‘पहिल्यासारखं’बद्दल मला बोलायचंय. जरा लांबून वळसा घालून येणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस. मध्येच एक्स-रेचं मशीन बोलावतंय म्हणून उठू नकोस.

दुकान बरं चाललंय. लोक हल्ली वेळ फोनवर बघतात आणि घड्याळ नुसतं मिरवायला घालतात, त्यामुळे ते बंद पडलं तरी महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसतो. दुपारी तर चिटपाखरू फिरकत नाही. तेव्हा मी काय करते सांगितलं तर हसशील. गेम खेळते. हो, आपल्या पोराचाच, तो हातात धरून खेळायचा लाल डबा. तू गेल्यावर जादा पांघरूण काढायला तुझं कपाट उघडलं, तर मागे दोन्ही डबे सापडले. त्याचा लाल, आणि त्याने तुझ्यासाठी आणलेला निळा, अजून कागदात गुंडाळलेला तसाच. तू तो का उघडला नाहीस, ते मला विचारायची गरज नव्हती. पण घरात बंद पडलेलं यंत्र मला बघवत नाही, तुला माहीतच आहे. लाल डबा चार्जिंगला लावला, सुरू केला, तर समोर उभी एक पोलादी घोरपड!

घोरपड म्हणजे तो म्हणायचा डायनासोर. लांब मान, अंगभर पत्रे, डोळ्यांच्या जागी दिवे, सांध्यासांध्यात दातेरी चाकं. त्या गेममध्ये रानावनात फिरून असली चित्रविचित्र जनावरं पकडायची, वाढवायची आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी झुंजवायची, एवढं एव्हाना मला कळलंय. त्याच्याकडे ढीगभर होती, पण सगळ्यात लाडकं हेच. नाव काय ठेवलंन, तर ठोंब्या! मी भिंग लावून त्याची मान बघितली. एकमेकांत दाते अडकलेली तिन्ही चाकं एकाच दिशेला फिरताना दाखवलीत. अशी कुठे फिरतात? पहिल्याच दिवशी जाम होईल मेलं. चित्र काढणाऱ्याला माझ्या दुकानात आठवडाभर बसवायला पाहिजे. पण त्याच्या डोक्यावर बोट फिरवलं की तो मान वाकडी करतो आणि कुर्र करतो, घड्याळाला चावी दिल्यासारखं. ते ऐकलं आणि मी काउंटरमागे बसून ओक्साबोक्शी रडले. एक बाई पट्टा बदलायला आली होती, ती आल्या पावली परत गेली.

मग मी मनाशी ठरवलं, पोराने अर्धवट सोडलंय ते आपण पुरं करायचं. त्या गेममध्ये प्रत्येक जनावर वाढता वाढता एक दिवस रूप बदलतं आणि मोठं होतं. ठोंब्याचंही मोठं रूप आहे, त्याची नुसती काळी सावली दाखवतात. आधी मी त्याला झुंजायला पाठवत नव्हते, पत्रा चेपेल म्हणून. पुढे मात्र माझा हात असा काही बसला की काही विचारू नकोस. समोरच्यांची दाणादाण! बाकीची जनावरं भराभर मोठी झाली. मला जिचा मनापासून वीट आला होता ती शेंबडी अळीसुद्धा फुलपाखरू होऊन उडाली. ठोंब्या मात्र जिथल्या तिथे. ताकदीच्या शेवटच्या आकड्यापर्यंत नेला तरी ढिम्म. मला वाटलं, आत काहीतरी अडकलंय. गेममधल्या दुकानात मिळतात तेवढी सगळी तेलं पाजली, विश्रांती दिली, डबा बंद करून पुन्हा चालू केला. घड्याळ असतं तर उघडून तरी बघितलं असतं.

शेवटी शेजारच्या मोबाइलवालीला दाखवलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, मावशी, ही जात पाळणाऱ्याच्या हातात मोठी होतच नाही. तिला दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात पाठवावं लागतं, आणि तिकडे पोचता पोचता तिचं रूप बदलतं. खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं म्हणे. मित्राकडे पाठवायचं, मोठं झालं की मित्र परत पाठवतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्याने तुझ्यासाठी निळा डबा का आणला होता त्याचा. पण मी तिला म्हटलं, राहू दे बाई, लहानच छान दिसतो. लाल डबा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही. कशाला खोटं बोलू, मी घाबरले होते. वाटेतच नाहीसा झाला तर? सकाळी दात घासायला म्हणून उठलेलं माणूस या घरातून कसं जातं, ते तू आणि मी दोघींनी बघितलंय.

आता दुसरी बातमी. तुमच्या इथल्या हॉस्पिटलातला तो व्यायामवाला, फिजिओ का काय म्हणता तो, दुकानात येतो. दचकू नकोस. पहिल्यांदा आला तो तू असतानाच, घड्याळ मागे पडतंय म्हणून. मी उघडून बघितलं, तर उत्तम चालत होतं. दुसऱ्यांदा आला, तर घड्याळ खरोखरच बंद. का? तर गड्याने चावी बाहेर ओढून ठेवली होती! जन्मभर घड्याळं उघडलेल्या बाईला फसवायला निघाला होता. मी चावी आत दाबली, काटा चालू झाला, आणि हा कानापर्यंत लाल. मी घड्याळ पुसून त्याच्या हातात ठेवलं. गेल्या आठवड्यात पुन्हा आला, तेव्हा मात्र घड्याळ काउंटरवर ठेवून सरळ सांगून मोकळा झाला. तुला त्याने लग्नाचं विचारलं होतं, तू नाही म्हणालीस, आणि कारण एकच दिलंस, आई एकट्या पडतील. तक्रार करायला आला नव्हता तो. तुमच्या कानावर असावं, एवढंच म्हणाला, आणि यापुढे त्रास देणार नाही म्हणाला. जाता जाता माझा खांदा दुखतोय हे त्याने ओळखलं आणि टॉवेल धरून करायचा एक व्यायाम दाखवून गेला. आता सगळ्यात वरच्या खिळ्यावरच्या घड्याळापर्यंत माझा हात पोचतो.

तो गेल्यावर मला असा संताप आला म्हणून सांगू! त्याचा नाही गं, तुझा. मला कारण करतेस? तू मला सगळ्या हॉस्पिटलच्या गप्पा सांगतेस, वॉर्डबॉयच्या मांजरीला पिल्लं किती झाली तेसुद्धा सांगतेस, आणि या एका माणसाबद्दल दोन वर्षांत चकार शब्द नाही. तेवढ्यावरून मला कळत नाही होय? राग ओसरल्यावर मात्र स्वतःकडे बघितलं. तू परत येणार म्हणालीस तेव्हा मला आनंदाचं भरतं आलं होतं. तुझी चादर धुऊन, वाळवून, घालूनसुद्धा ठेवली होती. रात्रीच्या जेवणाला समोर तू, दुकानाचं शटर ओढायला तू, आणि त्याची आठवण निघाली की न बोलता हातावर हात ठेवणारी तू. मला हे सगळं हवं आहे गं. फार हवं आहे. पण त्यासाठी तू या घरात माझी औषधं मोजत म्हातारी व्हावंस, हे मला नको आहे.

काल मी पुन्हा मोबाइलवालीकडे गेले. तिने स्वतःचं एक जनावर दाखवलं, कुणा मैत्रिणीकडून आलेलं. मोठं होऊन ओळखू न येण्यासारखं झालेलं, पण त्याच्या माहितीत खाली पहिल्यांदा वाढवणाऱ्याचं नाव तसंच होतं. कितीही हातांतून जाऊ दे, ते नाव कुणाला पुसता येत नाही म्हणाली. मी ठोंब्याची माहिती उघडली. खाली माझ्या लेकाचं नाव. बराच वेळ बघत बसले. तू काही त्याने पाळलेली नव्हतीस म्हणा, उलट त्यालाच तू माणसात आणलंस. पण मला काय म्हणायचंय ते तुला कळलंय. तू कुणाच्याही घरी गेलीस, कितीही सुखात राहिलीस, तरी त्याचं तुझ्यापाशी जे आहे ते जात नाही, आणि माझंही जात नाही. म्हणून या पत्राबरोबर निळा डबा पाठवतेय, चार्ज करून. येत्या रविवारी सकाळी तो सुरू करून बस. मोबाइलवाली मदतीला येणार आहे, मी ठोंब्याला तुझ्याकडे पाठवते. रीत परत पाठवायची आहे, पण तू पाठवू नकोस. मोठा झालेला कसा दिसतो तेवढं मला फोनवर सांग, आणि चाकं आता तरी नीट फिरतायत का तेही बघ. त्याआधी व्यायामवाल्याला फोन कर. तुझा जीव त्याच्यावर असेल तर हो म्हण. आणि नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हण, पोरी, पण कारण दुसरं शोध. मी आता कारण व्हायला तयार नाही.

तुझीच, तू कुठेही असलीस तरी,
आई