वाटेकडे तोंड केलेल्या चपला

रत्नागिरी
शनिवार, दुपार

प्रिय दीपाली,

हे उभ्याने वाचू नकोस गो. गॅस बंद कर, पडवीत बस आणि मग वाच. फोनवर बोलले असते, तर तुझा आवाज ऐकून ‘सगळं बरं आहे’ म्हणाले असते. सात वर्षं तेच म्हणत आलेय.

माझी पहिलीच कादंबरी, तीही पंचेचाळिसाव्या वर्षी आणि तीही खुनाची! शाळेतल्या बायका मला ‘खुनी बाई’ म्हणून चिडवतात. एका समीक्षकाने लिहिलं की, बाईच्या नजरेतून लिहिलेली ही काळीकुट्ट गोष्ट दमदार आहे, पण चपलांचा पुरावा काही पटत नाही, एवढ्याशावरून खून कोण ओळखणार? मी खो खो हसले. पोलिसांना तरी कुठे दिसला होता! तुला पुस्तक पाठवलं नाही म्हणून तू रुसलीस. कोणत्या तोंडाने पाठवणार होते? त्यात तू आहेस.

तेव्हा मी पूर्णगडच्या शाळेत होते, तुमच्या शेजारी राहत होते. आषाढात चिरेखाण बंद, खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला. तुझा नवरा, विनोद, भरदुपारी काठावर पाय सोडून पीत बसला होता. आदल्याच आठवड्यात त्याने तुझा उजवा हात मोडला होता, तो गळ्यात बांधून तू त्याला जेवायला बोलवायला गेलीस. उशीर झाला म्हणून मी तुझ्यामागे आले, तोवर पाणी स्थिर झालं होतं. तूच सांगितलंस, तो म्हणाला होता, आता पोरीचा नंबर. सानिका अकरा वर्षांची होती. तू डाव्या हाताने ढकललंस. त्याला पोहता येत नव्हतं. शिरा पडो त्याच्या तोंडावर, मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पण तुझ्या हाताने एक घात केला. त्याने मागे भिरकावलेल्या चपला तू जोडून ठेवल्यास, शेजारी शेजारी, तोंडं खाणीपासून बाहेर, घराच्या वाटेकडे. आपल्या पायरीवर पुरुषाच्या चपला आपण अशाच वळवून ठेवतो ना, बाहेर निघताना त्याला पायात सरकवता याव्यात म्हणून? लग्नापासून रोज करत होतीस, तिथेही केलंस. तुला कळलंसुद्धा नाही. दारू प्यायलेला माणूस कधी अशा ठेवेल? त्यातली एक मी लाथेने उडवली आणि मग लोकांना हाका मारल्या. बुडून मेला, एवढंच लिहिलं गेलं.

हे मी का लिहिलं विचारशील. अगो, हाव. त्या पानाशिवाय कादंबरी पोकळ वाटत होती. नावं बदलली, खाणीची विहीर केली आणि मनाला सांगितलं, कोण ओळखणार? पुरुष ओळखणार नाहीत, हे खरंच निघालं. बायका वाचतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते.

सानिकानेच मला सांगितलं, गणपतीच्या सुट्टीत ती घरी आली होती, तेव्हा तुझ्या सासूला माझं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होती. तू पाण्याला गेलेलीस. सगुणाकाकींना अक्षरओळख नाही, पण जन्मभर त्यांनीही त्याच पायरीवर चपला वळवल्यात. त्या पानावर त्यांनी सानिकाला थांबवलं. म्हणाल्या, बाईच्या हातान ठेवल्यान हो ह्या. मग म्हणाल्या, माझ्या विनोदच्या चपलांतली पण एक अशीच वाटेकडे तोंड करून होती. त्यानंतर त्या तुझ्याशी बोलल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तुला वाटलं असेल, म्हातारपण.

आज सकाळी सानिका कॉलेजच्या हॉस्टेलवरून थेट माझ्याकडे आली. पानाचा कोपरा दुमडलेला. तिने एकच प्रश्न विचारला. कादंबरीभर खोटं रचणारी मी, मला एक वाक्य रचता आलं नाही गो. हो म्हटलं. तुला त्याने कसं मारलं, तेही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, आजी सोमवारी पोलिसांत जाणार आहे. त्याआधी आईने स्वतः जावं. मी विनवलं, पाया पडायचं बाकी ठेवलं. तुझ्यावर गेलीय ती, हलली नाही. सुटका मला कुठे दिसत नाही दीपाली. मी तुझ्यासोबत येईन, चप्पल मी उडवली हे सांगेन, पण त्याने तुझं काही हलकं होणार नाही.

हे पत्र तिनेच लिहायला लावलं. स्वतःच्या तोंडाने आईला विचारायचं तिच्याने होत नाही. दोनच्या गाडीने ती निघतेय, पाकीट तीच तुझ्या हातात देईल आणि तुझं वाचून होईपर्यंत समोर उभी राहील. आत्ता माझ्या पायरीवर बसलीय. सकाळी घाबरून दार उघडताना माझ्या चपला इकडेतिकडे गेल्या होत्या. तिने त्या बसल्या बसल्या जोडून ठेवल्यात, तोंडं बाहेर. मी बघितलं, तेव्हा तिनेही आपल्या हाताकडे बघितलं.

जिने तुला वाचवलं आणि बुडवलंही, ती तुझीच,
योगिनी