बटणांच्या कारखान्यातली परीक्षा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? मी इकडे खुशाल आहे, निदान हातपाय शाबूत आहेत. बाकी काय झालं ते माझं मलाच नीट उमगलेलं नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

तुझ्या चिमणीने नोकरी सोडून या चित्रकारांच्या वस्तीत बिऱ्हाड थाटलं आणि तिला परत आणायला तू मला धाडलंस. पण आधी ती सापडायला तर हवी! इथे न्हाव्याच्या दुकानात कुंड्या विकतात, कुंड्यांच्या दुकानात कॉफी मिळते आणि कॉफीच्या दुकानात सगळे कॉम्प्युटर उघडून ऑफिस चालवतात. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडलेला. (तू न्हाणीघर उगाच रंगवलंस.) एका काचेआड मखमलीवर पत्र्याची ट्रंक मांडलेली, अगदी आपल्या बोर्डिंगातल्यासारखी. कडी उघडून बघायला गेले तर दुकानवाली म्हणाली, “जपून हं, फार जुनी आहे.” म्हणजे माझंही वय कळलं.

चिमणीचा पत्ता असा: जुना बटणांचा कारखाना, दुसरा मजला, टोकाचं दार. आता टोकं दोन असतात हे तिला कुणी शिकवलं नाही का? मी उजवीकडे गेले. रंगाने माखलेला एप्रन घातलेल्या एका बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “आलात? आम्ही तुमचीच वाट बघतोय. बसा.” मला वाटलं, चिमणीने सांगून ठेवलं असेल. खोलीत वीसेक माणसं मांडीवर फळ्या आणि कागद घेऊन बसलेली, आणि समोर उंचावर एकच खुर्ची. मी काय समजावं? इथे परीक्षा आहे आणि पर्यवेक्षिका आली नसल्याने चिमणीने माझं नाव सुचवलंय! (शाळेत मी मॉनिटर होते, हे तिला मी किमान शंभरदा सांगितलंय.)

मग बोर्डिंगातल्या मदर शिकवायच्या तशी बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. दोन तास हलले नाही. पेपर अवघड असावा, कारण जो तो कागद सोडून माझ्याकडेच बघत होता. एक दाढीवाले तर एक डोळा मिटून माझ्यावर पेन्सिल रोखत होते. मी तिकडे दुर्लक्ष केलं. पण ते शेजारणीच्या कागदात डोकावले तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, “आपापल्या कागदात बघा.” सगळे हसले, पण त्यांनी बघितलं हो आपल्याच कागदात!

शेवटी मला शोधत चिमणी आली आणि दारातच मटकन खाली बसली. “मावशी, अगं, हे सगळे तुझी चित्रं काढतायत!” चित्रासाठी ज्या बाई बसायला येणार होत्या त्या आल्याच नव्हत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एप्रनवाल्या बाई मात्र म्हणतात, इतकं स्थिर आजवर कुणी बसलं नाही, गुरुवारी पुन्हा या. मग मी चित्रं बघितली. ताई, एका कागदावर आई बसली होती. तेच ओठ, तीच उतरती मान. मी इतकी आईवर गेलेय हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. घरात दोन मिनिटं तरी माझ्याकडे बघतं कोण म्हणा.

चिमणीला परत आणायचं माझ्या लक्षात आहे. मुलगी हट्टी आहे, हळूहळू वळवावी लागेल. घाई करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. माझी जांभळी शाल पाठव. गुरुवारी हवी आहे.

ता. क. २. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पहिल्याच संध्याकाळी चिमणीला विचारलं, तर म्हणाली, “मावशी, मला आईची फार आठवण येते, उद्याच निघू.” मीच तिला थोपवून धरलंय, कारण तिच्याशिवाय मला हा जिना सापडत नाही. रागावू नकोस. गुरुवारपर्यंत तो पाठ होईल.

ता. क. ३. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तिची खोली महिनाअखेरपर्यंत आपलीच आहे, म्हणून एकच काढलं, चिमणीचं. आमच्या ह्यांना सांग, मुलगी फारच हट्टी निघाली.